सातव्या पेटीत किती?

व्होय्को म्हणाला, आधी प्लग लावू नकोस.
पंधरा युरोंचा कमोडोर
अजून पुरता पिशवीतून बाहेरही आला नव्हता
आणि माझा हात बटणाकडे.
"सगळे इथेच मरतात," तो म्हणाला,
"पहिल्या मिनिटाला. हौसेपायी."

द्रावाकाठच्या रविवारच्या बाजारात
जुन्या इस्त्र्या आणि एकेकट्या स्की-बुटांमध्ये
तो पडला होता, पावासारखा फुगीर,
विडीबहाद्दराच्या दातांसारखा पिवळा.
"सासऱ्यांचा टाइपरायटर," विकणारी बाई म्हणाली.
आणखी दोन युरोंना कॅसेट वाजवायचा डबा,
एक कॅसेट फुकट,
तिच्यावर निळ्या शाईत एकच शब्द: पेट्या.

व्होय्को तीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात वायरमन.
कारखाना गेला, मल्टीमीटर राहिला.
वीजपुरवठ्याचा काळा ठोकळा त्याने हातात तोलला,
विटेइतका जड.
"पाच व्होल्ट सांगतो आणि मनाला येईल ते देतो म्हातारा.
चिपा जळतात, आणि याला पत्ता नसतो."
काटा थांबला तो सहा पूर्णांक आठवर.
ठोकळा भंगारात.
नवा यायला तीन आठवडे.

तीन आठवडे नुसतं बघत बसायचं?
सहासष्ट कळा एकेक उपटल्या,
शाळेच्या स्वयंपाकघरातल्या चाळणीत धुतल्या
(मी तिथे सूप करते, मुख्याध्यापिकेला सांगू नका).
एक स्प्रिंग फ्रिजखाली गेली, ती अजून तिथेच आहे,
म्हणून प्रश्नचिन्हाची कळ जरा मऊ लागते.

सलूनमध्ये दारिंकाकडे पेरॉक्साइड मागितलं.
"कुणाचे केस?"
"केस नाहीत गं."
ती माझ्याकडे बघत राहिली, मग बाटली दिली.
ऑक्टोबरात इथे ऊन उसनवारीनेच मिळतं,
धुकं अकरापर्यंत नदीवरून उठत नाही.
बाल्कनीत चार दिवस झाकण वाळत ठेवलं.
पांढरं झालं नाही.
ताकाच्या रंगावर येऊन अडलं.
मला तेवढं पुरे होतं.

कॅसेटच्या डब्यातला रबरी पट्टा
डांबर होऊन चाकाला चिकटला होता.
खरवडला. नखं आठवडाभर काळी.
मुलांनी विचारलं, आज सूपमध्ये काय आहे?

मग तो दिवस. पाच व्होल्ट, खरेखुरे.
टीव्हीवर निळा चौकोन उघडला
आणि दोघंही गप्प झालो,
पाळण्यात कुणी जागं झाल्यासारखं.

कॅसेट मात्र बोलेना.
चूक. पुन्हा चूक.
बारीक भोकातून स्क्रू पाव फेरा डावीकडे,
नाही, अर्धा उजवीकडे, नाही,
केसभर मागे.
अकराव्या खेपेला सापडलं तिला काहीतरी.
पडदा कोरा झाला, नुसता रंग.
व्होय्को म्हणाला, आता श्वासही जपून घे.

सात मिनिटांनी अक्षरं आली:
पेटी क्रमांक?
मी सात दाबलं. उगीच.
हिरवं झाकण. राणी शहाऐंशीची. स्वभाव शांत.
यंदा मध किती किलो?

आणि तो चौकोनी ठिपका
उघडझाप, उघडझाप.

मला घरात साधी माशी खपत नाही.
"काय लिहू?"
"विचारतोय ना तो," व्होय्को म्हणाला. "खरं ते लिही."

शून्य.

यंत्राने बराच वेळ घेतला,
कुणी अंगणात जाऊन झाकण उचलून पाहून यावं इतका.
मग:
साखरपाणी द्या. थंडी जवळ आहे.

व्होय्कोने चष्मा काढला, पुसला,
कपॅसिटर बदलावे लागतील असं काहीतरी पुटपुटला.
साडेबारा वाजून गेले होते.
पाचला मला तीनशे मुलांचं सूप चढवायचं होतं.

पेटी क्रमांक आठ?

एकूण बावीस होत्या.
मी खुर्ची पुढे ओढली.